सारंगी, सिंहदरबार आणि 'सक्किगोनी'

शुक्रवार, काठमांडू

गाईजात्रा, म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणीत सोंगं आणि थट्टा करायचा नेपाळी सण, गाठायची म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये नेपाळला गेले. पावसाळ्यात तिकडे फिरायला फारसं कुणी जात नाही. शिखरं ढगांत असतात आणि रस्ता कधी दरडीखाली जाईल याचा नेम नसतो. मला शिखरं बघायची नव्हतीच. नेपाळी माणसं कशावर हसतात, काय गुणगुणतात आणि रात्रीचं जेवण झाल्यावर काय बघत बसतात, ते त्यांच्या घरात बसून बघायचं होतं. ही गोडी लावली ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या रात्रपाळीच्या नेपाळी पहारेकरी दाइंनी (दाइ म्हणजे दादा). ते मोबाइलवर एक मालिका लावून एकटेच पोट धरून हसायचे. विचारलं तर खुर्ची पुढे ओढून दिली आणि म्हणाले, "बसा ताई, सुरुवातीपासून लावतो." ती 'सक्किगोनी'. लिपी आपलीच, निम्मे शब्द ओळखीचे, उरलेलं चेहरे सांगतात. त्या रात्रीपासून मी नेपाळी विनोद बघतेच आहे.

काठमांडूला लागून असलेल्या पाटणमध्ये ज्या घरी उतरले तिथे दिदी, भिनाजू, म्हणजे दिदींचे यजमान, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि हजुरआमा, म्हणजे आजी, अशी चार माणसं. संध्याकाळी चहा झाला आणि मी विषय काढला. मग काय, रात्री अकरापर्यंत कुणी उठलं नाही.

हजुरआमांचे लाडके म्हणजे 'मह'. मदनकृष्ण श्रेष्ठ आणि हरिवंश आचार्य यांची जोडी. दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून लोकांनी त्यांना 'मह जोडी' केलं. नेपाळ टेलिव्हिजन १९८५ मध्ये सुरू झालं, सिंहदरबाराच्या, म्हणजे सरकारी सचिवालयाच्या आवारातून. तेव्हा वाहिनी एकच. महचा कार्यक्रम असला की शेजारपाजारचे सगळे ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरी. जमिनीचे कज्जे, लाच खाणारा कारकून, घराघरातली भांडणं अशा विषयांवर ही दोघं हसवत हसवत बोलायची, असं हजुरआमा सांगत होत्या आणि मधेच मदनकृष्णांची चाल करून दाखवत होत्या. त्यांच्या वयाला ती चाल इतकी जमत होती की नातीने पटकन फोन उचलून चित्रण केलं.

दिदींची पिढी 'तीतो सत्य' आणि 'मेरी बास्सै'ची. पहिल्या मालिकेत दीपकराज गिरी आणि दीपाश्री निरौला होते. पुढे हीच मंडळी चित्रपटांत गेली आणि २०१६ साली दीपाश्रींनी दिग्दर्शित केलेल्या 'छक्का पन्जा'ने थिएटरं भरली. 'मेरी बास्सै' मात्र मला जास्त जवळची वाटते. डोंगरातलं गाव, केदार घिमिरेंचा माग्ने बुढा, सीताराम कट्टेलचा धुर्मुस आणि कुञ्जना घिमिरेची सुन्तली. सीताराम आणि कुञ्जना खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली, गावंच्या गावं बसली. तेव्हा ही जोडी मालिकेतल्या नावानेच लोकांसमोर गेली, पैसे गोळा केले आणि सिंधुपाल्चोकमधल्या गिरानचौरला ६६ घरांची वस्ती बांधून दिली. भिनाजू म्हणाले, "सरकारच्या फायलीपेक्षा आम्ही धुर्मुसवर जास्त विश्वास ठेवला." विनोदी नटावर माणसं घर बांधून देण्याइतका विश्वास टाकतात, ही गोष्ट त्या रात्री माझ्या डोक्यातून गेली नाही.

मुलगी तिसऱ्या टप्प्यावरची. तिने टीव्ही संचावर थेट यूट्यूबच लावलं. नेपाळ टेलिव्हिजनवरच्या 'भद्रगोल'मधले जिग्री आणि पाँडे, म्हणजे कुमार कट्टेल आणि अर्जुन घिमिरे, पुढे 'सक्किगोनी'त आले, आणि आता टीव्ही म्हणजे तिच्यासाठी मोठ्या पडद्याचा मोबाइल आहे.

शनिवार, जनै पूर्णिमा

आपली नारळी पौर्णिमा ती त्यांची जनै पूर्णिमा. सकाळी हजुरआमांनी मनगटावर पिवळा-केशरी दोरा बांधला आणि बजावलं की तो लक्ष्मीपूजनापर्यंत काढायचा नाही, तेव्हा गाईच्या शेपटीला बांधायचा. जेवणात क्वाटी: नऊ प्रकारच्या मोड आलेल्या कडधान्यांचा दाट रस्सा, वर ज्वानोची, म्हणजे ओव्याची फोडणी. पावसाच्या दिवसांत तो पोटाला जो आधार देतो तो विसरता येत नाही.

दुपारी महाराजगंजकडे नारायणगोपाल चौकात गेले. गायकाच्या नावाचा चौक आणि तिथे त्याचा पुतळा. नारायणगोपाल (१९३९–१९९०) म्हणजे नेपाळचे स्वरसम्राट. ते शास्त्रीय संगीत शिकायला बडोद्याला गेले होते, सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात, आणि शिक्षण अर्धवट सोडून परतले. त्यांचा आवाज खर्जात उतरला की घोगरा होत नाही, उलट जवळ येतो. टॅक्सीत, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, कुठेही ते ऐकू येतात. अंबर गुरुङ, गोपाल योञ्जन, अरुणा लामा ही त्याच काळातली आणखी नावं. यातले अंबर गुरुङ दार्जिलिंगचे, आणि नेपाळच्या आजच्या राष्ट्रगीताची चाल त्यांची. ते गीत २००७ साली स्वीकारलं गेलं.

रात्री दिदी आणि भिनाजू मला 'दोहोरी साँझ'ला घेऊन गेले. हे एक प्रकारचं गाण्याचं हॉटेल. मंचावर एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मुलगा, मागे मादल (छोटा ढोल), बासरी आणि सारंगी. तो एक कडवं टाकतो, ती तिथल्या तिथे जोडून उत्तर देते. प्रश्न खोडकर, उत्तर त्याहून. गिऱ्हाईकही मधे घुसतं. आमच्या शेजारच्या टेबलावरचे एक काका उठले आणि गायिकेला गाण्यातच विचारलं की माहेर कुठलं. तिने त्यांच्या टक्कलापासून सुरुवात करून पार त्यांच्या बायकोपर्यंत गाणं नेलं आणि सगळं हॉटेल टेबलं बडवायला लागलं. कलगी-तुऱ्याचे सवालजवाब ज्याने ऐकलेत त्याला इथे पाच मिनिटांत घरच्यासारखं वाटेल. प्रकाश सपूत आणि शान्तिश्री परियार यांचं २०१९ चं 'गलबन्दी' हे याच परंपरेतलं दोहोरी गीत. ते यूट्यूबवर गाजलं आणि शहरातल्या ज्या पोरांना लोकगीत गावठी वाटायचं त्यांनीही ते पाठ केलं.

रविवार, गाईजात्रा

सकाळी आठला बसंतपूर, काठमांडूच्या जुन्या राजवाड्यासमोरचा चौक. पाऊस थांबून थांबून. वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं असेल त्या घरातून आज एक गाय निघते, नाहीतर गाईचं सोंग घेतलेलं मूल. डोक्यावर गाईच्या चित्राचा मुकुट, ओठावर काढलेल्या मिशा, अंगावर जरीचं, मागे लांब शेला. वाटेत लोक त्यांना फळं, दूध, गोड खाऊ आणि पैसे देतात. गाईचं शेपूट धरून मृतात्मा वैतरणी ओलांडतो ही कल्पना आपल्याकडच्या गोदानातही आहे. एक चार-पाच वर्षांचा मुलगा माझ्यासमोर थांबला, मिशा घामाने पसरलेल्या, हातात केळं. त्याच्या आईच्या हातात फ्रेम होती. फ्रेममध्ये त्याचे आजोबा असावेत. मी हात जोडले, ती हसली, पोराने केळं पुढे केलं.

कथा अशी सांगतात. सतराव्या शतकात काठमांडूवर राज्य करणाऱ्या प्रताप मल्लाचा मुलगा गेला आणि राणी दुःखातून बाहेर येईना. राजाने तिच्यासाठी राणीपोखरी बांधली, ते तळं आजही शहराच्या मध्यात आहे. तरी ती हसेना. मग त्याने दवंडी पिटवली: ज्यांच्या घरी यंदा मृत्यू झालाय त्यांनी मिरवणूक काढून राजवाड्यासमोरून जावं. राणीला दिसलं की दुःख तिच्या एकटीचं नाही. आणि जो तिला हसवेल त्याला बक्षीस. लोकांनी सोंगं आणली, थट्टा केली, राजालाही सोडलं नाही. राणी हसली, आणि थट्टा करायची ती मुभा राहिली.

ती किती खोल रुजली हे पंचायत काळात, म्हणजे राजाच्या थेट सत्तेच्या काळात दिसलं. १९६० ते १९९० या तीस वर्षांत पक्षांवर बंदी होती, राजसत्तेविरुद्ध उघड बोलणं महाग पडायचं. तरी गाईजात्रेच्या दिवसांत रंगमंचावर मंत्र्यांची, अधिकाऱ्यांची नक्कल चालायची. वर्तमानपत्रं गाईजात्रेचे खास अंक काढायची, अजूनही काढतात. आपल्या वगातल्या सोंगाड्याला जी सूट होती ती इथे पंचांगातच लिहून ठेवलीय. मह जोडीसारखे कलाकार याच मातीत वाढले. म्हणून मला वाटतं, नेपाळचा टीव्हीवरचा विनोद समजून घ्यायचा तर सुरुवात टीव्हीपासून करूच नये, या रस्त्यावरून करावी.

याच दिवशी काठमांडूत लैंगिक अल्पसंख्याकांची मिरवणूकही निघते. ब्लू डायमंड सोसायटीने ती सुरू केली. सोंगं घेऊन रस्त्यावर उतरायची सवय असलेल्या शहरात तिला जागा सहज मिळाली, असं माझं मत.

दुपारी भक्तपूर. इथली गाईजात्रा निराळीच, आणि दोन्हीपैकी एकच बघायला वेळ असेल तर मी हीच सांगेन. उंच बांबूंना साडी किंवा धोतर गुंडाळून उभा केलेला 'ताहामचा', वर गवताची शिंगं, मध्यावर गेलेल्या माणसाचा फोटो. पुढे 'घिन्ताङ घिसी' नाच: समोरासमोर दोन लांबच लांब ओळी, हातात काठ्या, ढोलाच्या ठेक्यावर काठीला काठी. अख्खी आळी नाचते. नऊवारीच्या वयाच्या आज्या, शाळेचा गणवेश न बदललेली पोरं, साड्या नेसलेले बाप्ये, मंत्र्यांचे मुखवटे, महागाईवरचे फलक. फोटोतली माणसं या सगळ्यांच्या डोक्यावरून डुलत जातात. २०१५ च्या गाईजात्रेला, भूकंपानंतर, इतके ताहामचा होते की ओळ संपेचना, असं दिदी म्हणाल्या. त्या वर्षी त्यांची मावशीही त्यात होती. "रडलो पण, नाचलो पण," म्हणाल्या, आणि कुणाची तरी काठी मागून घेऊन ओळीत शिरल्या.

रात्री घरी मुलीने दुसरी बाजूही सांगितली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पशुपति शर्मा या लोकगायकाने 'लुट्न सके लुट' हे गाणं आणलं: लुटता येईल तितकं लूट बाबा, असा देश पुन्हा मिळणार नाही. सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेने दबाव आणला आणि काही दिवसांत त्यांना ते यूट्यूबवरून काढावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये प्रनेश गौतम या स्टँडअप कलाकाराला एका नेपाळी चित्रपटाची टर उडवणाऱ्या व्हिडिओवरून अटक झाली. काही दिवस कोठडीत काढल्यावर तो सुटला. "वर्षातून एक दिवस परवानगी आहे, मावशी," ती म्हणाली. "आम्हाला ३६५ हव्यात."

सोमवार, पृथ्वी राजमार्ग

काठमांडू ते पोखरा अंतर सुमारे २०० किलोमीटर, पण रस्त्याचं काम आणि पाऊस धरून पूर्ण दिवस गेला. ड्रायव्हरदाइंच्या डोक्यावर छोटा पडदा, त्यावर एकामागून एक गाणी. 'कुटुमा कुटु' लागलं तेव्हा मागच्या सीटवरची पोरं उभी राहिली. २०१७ च्या 'दुई रुपैयाँ' चित्रपटातलं हे गाणं यूट्यूबवर दहा कोटी वेळा बघितलं गेलेलं पहिलं नेपाळी गाणं. काही वर्षांपूर्वी काठमांडूच्या बसमध्ये गाऊन पैसे मागणाऱ्या एका लहान मुलाचा व्हिडिओ असाच देशभर पोचला होता आणि तो मुलगा थेट स्टुडिओत गायला; ते गाणंही दाइंच्या यादीत होतं.

मलेखूला तळलेली नदीतली मासळी. पुढे फिस्लिङचा झुलता पूल. २०१६ मध्ये इथे एका फोटोग्राफरने पाठीवरच्या डोकोत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, टमाटे घेऊन पूल ओलांडणारी एक मुलगी टिपली. 'तरकारीवाली' म्हणून तो फोटो नेपाळमध्ये, भारतात, पाकिस्तानात लाखो फोनवर फिरला. पूल आहे तसाच आहे, खाली त्रिशूली गढूळ, वर पाठीवर डोको घेतलेल्या बायका आजही जातात. मी कॅमेरा काढला नाही. एका मुलीचं रूप जगाने बघितलं, पण त्या टमाट्यांना बाजारात काय भाव मिळाला हे कुणी विचारल्याचं मला तरी दिसलं नाही, आणि ते मला लागतं.

मुगलिङनंतर मर्स्यांगदी डाव्या-उजव्या हाताला येत राहते. २३ ऑगस्ट २०२४ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस याच नदीकाठी कोसळली आणि २७ माणसं गेली. तेव्हाही महाराष्ट्रात बातमीच्या आधी व्हिडिओच पोचले होते. आनबुखैरेनीच्या पुढे दाइंनी आपणहून गाणी बंद केली आणि काही वेळ तशीच ठेवली. मी महाराष्ट्रातली आहे हे त्यांना निघतानाच कळलं होतं.

मंगळवार, बाटुलेचौर

पोखऱ्याच्या उत्तरेला, महेंद्र गुहेजवळ बाटुलेचौर. गंधर्वांचं गाव. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या सारंगी घेऊन डोंगरोडोंगरी फिरला आणि गाण्यातून बातम्या सांगत गेला. लढाई कुठे झाली, कोण पडलं, कुठल्या राजाने काय केलं. वीरांच्या लांब गाथेला ते 'कर्खा' म्हणतात, आपल्या पोवाड्याचं सख्खं भावंड. गंधर्व ही वाट अडवून मागणारी माणसं आहेत असं म्हणून वरच्या जातींनी त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं. गाणं मात्र ओसरीवर बसून ऐकलं.

एका अंगणात बसले. सत्तरीतले बा होते, त्यांनी सारंगी दाखवली. खिर्रोच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली, खालचा भाग बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला, तारा चार. आपल्या शास्त्रीय मैफलीतली सारंगी भारदस्त असते. ही खांद्यावर टाकून दिवसभर चालता येईल एवढीच. सोबत पूर्वी 'आर्बाजो' असायचा, आता तो वाजवणारे फार थोडे उरलेत.

बांनी झलकमान गंधर्वांचं गाणं म्हटलं. झलकमान (मृत्यू २००३) याच गावचे. रेडिओ नेपाळ १९५१ मध्ये सुरू झालं; पुढे त्या रेडिओने झलकमानांचा आवाज घराघरांत नेला. गाणं परदेशी लढाईत मरणाऱ्या लाहुऱ्याचं, म्हणजे परक्या पलटणीतल्या नेपाळी शिपायाचं. आई विचारेल माझा मुलगा कुठे, तेव्हा तिला काय सांगाल, असं तो सोबत्यांना म्हणतो. मग बाप विचारेल, मग बायको. प्रत्येकाला वेगळा निरोप. बांचा आवाज फाटलेला होता आणि सारंगी त्या फटींतून पुढे येत होती. गोरखा पलटणींत गेलेली किती पोरं परत आली नाहीत, त्यांच्या घरी बातमी अशीच कुणीतरी गात आणली असणार. मला पुढचा बराच वेळ बोलता आलं नाही.

'रेशम फिरिरी' मात्र बांनी हसत वाजवलं, कारण प्रत्येक पाहुणा तेच मागतो. पोखऱ्याच्याच बुद्धि परियारांनी ते लोकांकडून ऐकून रेडिओ नेपाळवर नेलं.

आज पलटणीऐवजी आखात. देशाच्या उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा बाहेर गेलेल्या माणसांच्या पैशातून येतो. २०१७ मध्ये 'नेपाल आइडल'च्या पहिल्या पर्वाची अंतिम फेरी काठमांडूत झालीच नाही, कतारच्या दोहामध्ये झाली, कारण ऐकणारे तिथे होते. बांचा थोरला मुलगाही तिथेच आहे. त्याचा मुलगा, म्हणजे बांचा नातू, सारंगीचे छोटे व्हिडिओ करून टिकटॉकवर टाकतो. नोव्हेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ नेपाळमध्ये टिकटॉकवर बंदी होती. त्या काळात वडिलांना आजोबांचं वाजवणं दाखवायचं कसं, हीच त्याची तक्रार. आजोबा पायी नेत होते ते नातू फोनवरून नेतो, काम तेच आहे.

बुधवार

पोखऱ्यात दिवसभर पाऊस. फेवा ताल दिसला नाही. संध्याकाळी एका कॅफेत पोरांनी गिटारवर '१९७४ एडी' आणि 'नेपथ्य' या नेपाळी बँडची गाणी म्हटली, ती छान होती.

गुरुवार, परत काठमांडू

शेवटच्या दुपारी मुलीबरोबर माइतीघर चौकात गेले. माइतीघर म्हणजे माहेर. याच नावाचा १९६६ चा चित्रपट नेपाळी सिनेमाच्या सुरुवातीच्या टप्प्यातला मोठा टप्पा. नायिका माला सिन्हा, संगीत जयदेव यांचं, आणि त्यात लता मंगेशकर आणि आशा भोसले गायल्या आहेत. हे सांगितल्यावर मुलीने तिथेच उभ्या उभ्या गाणं शोधलं आणि आम्ही दोघींनी एकेक इअरफोन कानात घालून ऐकलं. समोर सिंहदरबाराचा रस्ता. तिच्या शहराचे तेव्हाचे महापौर बालेन्द्र शाह एकेकाळी रॅप लढतींमध्ये उतरायचे आणि २०२२ मध्ये अपक्ष निवडून आले, हे ती अभिमानाने सांगत होती.

मी परतले आणि चार आठवडेही झाले नव्हते. ४ सप्टेंबरला सरकारने फेसबुक, यूट्यूबसह २६ समाजमाध्यमं बंद केली. टिकटॉकने नोंदणी केलेली असल्याने ते चालू राहिलं, आणि नेत्यांच्या मुलांच्या उंची घड्याळांचे, सहलींचे व्हिडिओ तिथे फिरत होते. शेजारीच आखातातून येणाऱ्या शवपेट्या. ८ सप्टेंबरला तरुण मुलं याच माइतीघर चौकात जमली, शाळेच्या गणवेशातलीही. गोळीबार झाला, त्या एका दिवसात १९ जण गेले. पुढे आकडा ७० च्या वर पोचला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, सिंहदरबार जळालं, संसद जळाली, कांतिपूर माध्यमसमूहाची इमारतही. १२ सप्टेंबरला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. मुलीचा निरोप दोन दिवस येत नव्हता. आला तो एवढाच: "सगळे ठीक आहोत. हजुरआमा महचे जुने भाग बघतायत."

जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण ज्या देशात तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी राजाने स्वतःची थट्टा ऐकून घेतली, तिथे गाणं काढायला लावणारे आणि विनोदावर कोठडी देणारे नेते पोरांना परके वाटले, हे मला त्या घरात बसूनच कळलं होतं.

कुणाला जायचं असेल तर: गाईजात्रा नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी असते. सकाळी नऊच्या आत बसंतपूर, दुपारी भक्तपूर. छत्री नको, रेनकोट घ्या, गर्दीत छत्री उघडता येत नाही. पोरांना देण्यासाठी पिशवीत केळी ठेवा. फोटो काढण्याआधी फ्रेम धरलेल्या माणसाला विचारा, नाही कुणी म्हणत नाही. आणि जाण्याआधी 'मेरी बास्सै'चे जुने भाग बघून घ्या. धुर्मुस आणि सुन्तली ही नावं माहीत असली की अनोळखी घरात चहा दुसऱ्यांदा मिळतो.